टेकू निघाल्यावर



गेल्या वर्षी या सदरात आपण भारतात एकटे राहणाऱ्या आईवडिलांविषयी बोललो होतो. त्यावर वाचकांचे बरेच फोन आले. गंमत म्हणजे त्यातले काही फोन आईवडिलांवरून सुरू झाले आणि भलत्याच प्रश्नावर येऊन थांबले. "ताई, मला एडीएचडी असेल का हो?" किंवा जरा दबक्या आवाजात, "आमच्या ह्यांना असेल का?" विचारणारे सगळे चाळिशीच्या अलीकडचे-पलीकडचे. नोकरी बरी, घर स्वतःचं, मुलं शाळेत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, यांना कसली आलीय अडचण? तेव्हा यंदा हाच विषय घेते. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. निदान करणं माझ्या हातात नाही. पण निदानाच्या आधी आणि नंतर घरात जे चालतं, ते मात्र रोज ऐकते.

आधी नावाविषयी. मराठी पुस्तकांत याला 'अवधान-न्यूनता' वगैरे म्हटलेलं सापडतं. बोलताना ते कुणी वापरत नाही, आणि ते थोडं फसवंही आहे. या माणसांकडे लक्ष कमी नसतं. ते हवं तिथे वळवता येत नाही आणि नको तिथून काढून घेता येत नाही, ही खरी अडचण. आवडीच्या कामात रात्रीचे दोन वाजलेले कळत नाहीत, आणि काउन्सिलचं दोन ओळींचं पत्र तीन आठवडे न उघडता टेबलावर पडून राहतं. बघणाऱ्याला दिसतं ते एवढंच: मनात आणलं की करतो, म्हणजे बाकीच्या वेळी मनातच आणत नाही! निम्मी भांडणं इथून सुरू होतात.

हे मोबाइलच्या जमान्यातलं खूळ आहे, असंही पुष्कळांना वाटतं. 1902 साली इथे लंडनमध्येच जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे व्याख्यानं दिली होती. बुद्धीने बरी, पण स्वतःला आवरू न शकणारी मुलं हा त्यांचा विषय. या अवस्थेच्या इतिहासाची सुरुवात बरेच जण तिथून धरतात. स्टिल यांनी त्या मुलांच्या दोषाला 'नैतिक नियंत्रणाचा' दोष म्हटलं होतं. तो 'नैतिक' शब्द वैद्यकशास्त्राने केव्हाच टाकून दिला. आपल्या घरांतून तो अजून गेलेला नाही. आळशी, वेंधळा, धांदरट, बेफिकीर, 'हिला कशाचं काही नाही' हे सगळे त्याच घराण्यातले शब्द.

मोठ्या माणसांनाही हे असतं, हे मान्य व्हायला मात्र बराच वेळ लागला. मुलं मोठी झाली की यातून बाहेर पडतात, असा समज पुष्कळ वर्षं होता. ब्रिटनमध्ये 'नाइस' या संस्थेने 2008 साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत प्रौढांचा विचार नीट केला गेला. म्हणजे आज जे पंचेचाळीस वर्षांचे आहेत, त्यांच्या शाळेच्या वयात, तेही सांगली-सातारा-जळगावात, हे कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं.

पण मग प्रश्न उरतो की इतकी वर्षं निभावलं कसं? लोक हे विचारतात तेव्हा त्यात संशयाची छटा असते. 'इंजिनिअर झालास, इतक्या परीक्षा दिल्यास, तेव्हा नव्हता का एडीएचडी?' याचं उत्तर शोधायला मी हल्ली एक साधा प्रश्न विचारते: दहावीला तुम्हाला पहाटे उठवत कोण होतं?

आणि मग एक एक टेकू बाहेर पडायला लागतो. पहाटे उठवून चहाचा कप हातात देणारी आई. दप्तर तपासणारी मोठी बहीण. 'अरे, आज भूमितीचा पेपर आहे, कंपासपेटी घेतलीस का?' म्हणून खालून हाक मारणारा मित्र. क्लासचे सर, ज्यांच्या धाकाने वही पूर्ण व्हायची. ठरलेल्या वेळी येणारी कामाची मावशी, ठरलेल्या वेळी वाढलेलं ताट. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे, गॅस कधी लावला, कुणाच्या घरी कधी वास्तुशांत, सगळं कुणीतरी लिहून ठेवलेलं. पुण्यातल्या अभ्यासिका आठवा. घरी जागा असूनही मुलं तिथे जाऊन बसायची, कारण चार डोकी खाली घालून वाचत असली की आपलंही डोकं खाली राहतं. आज इंग्रजी पुस्तकांत हीच युक्ती मोठ्या नवलाईने सांगितलेली असते.

नियोजन, आठवण, वेळेचं भान ही मेंदूच्या पुढच्या भागाची कामं. आपल्या त्या घरांत ही कामं पाच-सहा माणसांत वाटलेली होती. त्यामुळे एकाच्या मेंदूत ती कमी पडत होती, हे कुणाला दिसलंच नाही. त्याला स्वतःलाही नाही.

मग माणूस विमानात बसतो, हीथ्रोला उतरतो, आणि सगळे टेकू एकदम निघतात. पहिली काही वर्षं तरी बरी जातात. नवलाई असते, एक खोली असते, पगार असतो. खरी परीक्षा मुलं झाल्यावर. शाळेचे रोज येणारे ईमेल, गणवेशाऐवजी रंगीत कपडे घालायचा दिवस, गाडीची एमओटी, काउन्सिल टॅक्स, डेंटिस्टची वेळ, पासपोर्टचं नूतनीकरण, आणि वर ऑफिसात 'स्वतःचं काम स्वतः आखा' म्हणणारा साहेब. धाक नाही, हाक नाही. जो माणूस तिकडे 'थोडा विसरभोळा' म्हणून खपून गेला, तो इथे पार्किंगचे दंड आणि लेट फी भरत बसतो आणि रात्री छताकडे बघत विचार करतो की बाकीच्यांना हे जमतं, मलाच का जमत नाही?

बायकांच्या बाबतीत हे आणखी लपून राहतं. मुलगी वर्गात उड्या मारत नाही, खिडकीबाहेर बघत बसते. तिला कोण डॉक्टरकडे नेणार? शिवाय 'मुलीच्या जातीला' टापटीप यायलाच हवी, म्हणून ती सगळी ताकद लावून वरवर टापटीप दाखवायला शिकते. चाळिशीनंतर पाळीची चक्रं बदलायला लागली की पुष्कळजणींना विसरणं आणि चिडचिड एकदम वाढल्यासारखी वाटते. तोवर कसंबसं पेललेलं मग पेलत नाही.

एका बाईंचं उदाहरण सांगते. तपशील ओळखू येणार नाहीत इतके बदलले आहेत. वय चव्वेचाळीस, इथे येऊन सतरा वर्षं झालेली. शाळेने मुलीची तपासणी सुचवली, म्हणून त्या रात्री फॉर्म भरत बसल्या. 'काम सुरू करून अर्धवट सोडते का? वस्तू हरवते का? समोरचा बोलत असताना ऐकत नाहीसं वाटतं का?' मुलीसाठी खुणा करता करता हात थांबला. हा आनुवंशिकतेचा भाग फार मोठा असतो, त्यामुळे मुलांच्या फॉर्ममध्ये आईबापांना स्वतःचा चेहरा दिसणं ही नेहमीची गोष्ट आहे. पुढे यथावकाश त्यांचं निदान झालं. पहिला आठवडा त्या नुसत्या हलक्या होऊन हसत होत्या. मग दोन महिने रडत होत्या. सोडून दिलेली एम.टेक., तुटलेली मैत्री, नणंदेच्या लग्नात हरवलेला दागिना आणि त्यावरून आयुष्यभर ऐकलेलं. सगळं पुन्हा डोळ्यांसमोर यायचं, आणि आता त्याचा अर्थ वेगळा लागायचा. हा शोकच असतो. आपण होऊ शकलो असतो त्या माणसाचा. 'आता कळलं ना, मग रडतेस काय?' असं नवऱ्याने चांगल्या हेतूने म्हटलं, पण ते त्या वेळी म्हणायचं नसतं.

आणि राग. तो बहुधा आईवर निघतो. 'पाहुण्यांसमोर तू मला वेंधळी म्हणायचीस!' सातासमुद्रापलीकडून फोनवर हे ऐकणारी सत्तरीची आई बिचारी गोंधळून जाते. तिने तर उठवलं होतं, डबे दिले होते, फी भरायची शेवटची तारीख लक्षात ठेवली होती. वेंधळी म्हणणारी आणि टेकू देणारी बाई एकच होती. या दोन्ही गोष्टी एका वेळी मनात धरायला वेळ लागतो. तेवढा तो जाऊ द्यावा.

भावनांचं एक वेगळं सांगायला हवं. निदानाच्या मुख्य निकषांत ते येत नाही, पण एडीएचडी असलेल्या अनेक मोठ्या माणसांना याचाही बराच त्रास होतो. राग, लाज, हिरमोड, सगळं चटकन आणि पूर्ण आवाजात येतं. साहेबाने 'जरा बोलायचंय' एवढा निरोप टाकला की दिवस गेला. बायकोच्या भुवया वर गेल्या की टीका ऐकू येते. लहानपणापासून दिवसाला दहा वेळा 'लक्ष कुठंय तुझं?' ऐकलेल्या माणसाचं कान टवकारून राहणं मला तरी समजण्यासारखं वाटतं. यातून काहीजण सगळ्यांना 'हो' म्हणत सुटतात. मंडळाच्या गणपतीत सजावट, नाटक, प्रसाद, तिन्ही समित्यांत नाव, आणि आदल्या रात्री तीन वाजता थर्माकोल कापत बसलेले. तर काहीजण हळूहळू येणंच बंद करतात. नैराश्य आणि चिंतारोग या लोकांत इतरांपेक्षा जास्त आढळतात. म्हणून निराशा फार खोल गेली, जगणं नको वाटलं, तर एडीएचडीच्या तपासणीची वाट पाहत बसू नका. जीपीला लगेच सांगा, 111 ला फोन करा, किंवा समॅरिटन्सच्या 116 123 वर दिवसा-रात्री कधीही बोला.

आता नवरा-बायको. निघालेला टेकू घरात दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर येतो, आणि ते दुसरं कुणीतरी म्हणजे जोडीदार. आठवण करणं, पुन्हा करणं, तिसऱ्यांदा करताना आवाज चढणं. दहा वर्षांत एक जण आई होतो आणि दुसरा शाळकरी पोर. हे दोघांनाही नको असतं. इथे मी जोडीदाराची बाजूही तितक्याच ठामपणे घेते. त्याचा थकवा खरा आहे, आणि 'मला एडीएचडी आहे' हे ओरडण्याचं किंवा सगळं घर दुसऱ्यावर टाकण्याचं परवानापत्र नाही. एडीएचडी ही 'सुपरपॉवर' आहे, असं म्हणायची हल्ली पद्धत पडली आहे. ज्याला हे म्हणायचं त्याने आधी घरच्यांना विचारून घ्यावं.

माझ्या पाहण्यात ज्या घरांत फरक पडला, त्यांनी एक बदल केला: आठवण करण्याचं काम माणसाकडून काढून वस्तूला दिलं. आपल्या आज्या पदराला गाठ मारायच्या, ती काय होती? डोक्यातली गोष्ट डोळ्यांसमोर आणायची युक्तीच. बिलं डायरेक्ट डेबिटवर. किल्ल्यांना दाराशी एकच खुंटी. फोनच्या गजराला नुसता आवाज नाही, तर 'उठ, गाडीत बस' असं वाक्य. भिंतीवर सगळ्यांना दिसेल असं मोठं कॅलेंडर, आणि रविवारी चहाबरोबर वीस मिनिटं दोघांनी त्याच्यासमोर बसायचं. त्या वीस मिनिटांत 'मी सांगितलं होतं ना' हे वाक्य बंद. महागड्या, सुंदर डायऱ्यांवर माझा विश्वास नाही. प्रत्येकाच्या खणात तीन-तीन कोऱ्या पडलेल्या असतात. युक्ती काही महिन्यांनी शिळी होते, मग बदलायची. यात हरण्यासारखं काही नाही.

कामंही स्वभाव पाहून वाटावीत. जो पत्रं उघडत नाही त्याला पत्रं देऊ नका. तोच माणूस मुलांना घेऊन तीन तास बागेत रमेल, अचानक आलेल्या दहा पाहुण्यांचा स्वयंपाक हसत करेल. 'पुरुषाने पैशाचं पाहायचं, बाईने घराचं' ही वाटणी अशा घरांत सरळ मोडीत काढलेली बरी.

प्रत्येक विसरभोळा माणूस एडीएचडीचा नसतो, हेही सांगून ठेवते. थायरॉइड, रक्त कमी असणं, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, घरात लहान बाळ असणं, यांनीही डोकं असंच वागतं. निदानाला लक्षणं बारा वर्षांच्या आतली लागतात, घर आणि काम अशा एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसावी लागतात, आणि त्यांनी जगण्यात खरा अडथळा आणलेला असावा लागतो. सुरुवातीला भरून घेतात ती प्रश्नावली म्हणजे नुसती चाळणी. पुढे तज्ज्ञाची सविस्तर मुलाखत हवीच. जीपी स्वतः निदान करत नाहीत, पुढे पाठवतात. पुष्कळ ठिकाणी ही रांग वर्षांची आहे. इंग्लंडमध्ये असाल तर 'राइट टू चूज'विषयी जीपीला जरूर विचारा. खासगीत जाणार असाल तर पैसे भरण्याआधी एक खात्री करा: निदानानंतर तुमचे जीपी औषधांची जबाबदारी घेतील का? सगळे घेत नाहीत, आणि मग औषधांचा खर्च दर महिन्याला खिशातून जातो.

तपासणीत लहानपणाचा पुरावा विचारतात, आणि इथे आपली खास पंचाईत. इथल्या लोकांकडे शाळेचे अहवाल असतात. आपली प्रगतिपुस्तकं माळ्यावर, ट्रंकेत, नाहीतर रद्दीत. तरी शोधायला सांगा. 'हुशार आहे पण लक्ष देत नाही', 'अक्षर सुधारावे', 'वर्गात बडबड करते' असे शेरे तज्ज्ञाला फार उपयोगी पडतात, इंग्रजीत करून द्या म्हणजे झालं. कधी कधी आईवडिलांशी बोलायचं असतं. तिथे आई हमखास सांगते, "नाही हो, काही त्रास नव्हता, अगदी गुणी होती." लेकीची तक्रार परक्यापुढे कशी करायची? त्यात आपल्यावर ठपका येतो की काय, ही भीती वेगळीच. म्हणून आधी आईशी निवांत बोला. 'तिला काही होतं का?' असं विचारू नका. 'मी शाळेत जाताना तुला काय काय बघायला लागायचं?' असं विचारा. वर ज्या बाईंचं सांगितलं, त्यांच्या आईने या प्रश्नावर तास-दीड तास सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुझ्या मामाचंही असंच होतं, आणि खरं सांगू, माझंसुद्धा." मायलेकींचं सगळं तिथे मिटलं असं नाही. 'वेंधळी' मात्र त्यानंतर ऐकू आलं नाही.

औषधांबद्दल थोडक्यात. प्रौढांना बहुधा आधी लिस्डेक्सअ‍ॅम्फेटामिन किंवा मेथिलफेनिडेट देतात. रक्तदाब, नाडी, वजन तपासून, हळूहळू मात्रा वाढवत. अनेकांना चांगला गुण येतो, काहींना मानवत नाहीत, मग दुसरे पर्याय असतात. औषधाने गोंगाट कमी होतो, पण किल्ल्यांची खुंटी आपोआप तयार होत नाही. त्यासाठी वागणुकीवर काम करणाऱ्या उपचारांचा उपयोग होतो. नोकरीत त्रास असेल तर 'अ‍ॅक्सेस टू वर्क' या सरकारी योजनेतून मदत मिळू शकते, त्याला निदानाचा कागद लागतोच असं नाही. अवस्थेमुळे किंवा औषधामुळे गाडी सुरक्षित चालवण्यावर परिणाम होत असेल, तर डीव्हीएलएला कळवणं बंधनकारक आहे.

आणि डिसेंबरात भारतात जाणाऱ्यांसाठी. ही नियंत्रित औषधं आहेत. तीन महिन्यांचा किंवा त्याहून जास्त साठा नेत असाल, किंवा तितके दिवस राहणार असाल, तर ब्रिटनमधून बाहेर नेण्यासाठी गृहखात्याचा परवाना लागतो. त्याहून कमी असेल तरी ती तुमचीच आहेत हे दाखवणारं डॉक्टरांचं पत्र हवं. भारतातही मेथिलफेनिडेट 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं, तेव्हा निघण्याआधी उच्चायुक्तालयाकडे चौकशी करा. दुबई किंवा दोहामार्गे जाणार असाल तर तिथलेही नियम बघा, ते कडक आहेत. मूळ डबी, पत्र, प्रिस्क्रिप्शनची प्रत, सगळं हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. पत्र मिळायला जीपीकडे वेळ लागतो. मागायची तारीख अंक बाजूला ठेवण्याआधी कॅलेंडरवर लिहून टाका.